बावटा वर, दोरी हातात
पाण्याखालची वाट : लेखांक सहावा

मागच्या लेखांकात पाण्यात अधांतरी, स्थिर कसं राहायचं ते पाहिलं. या वेळी आपल्या डोक्यावर काय चाललंय याचा विचार करू. डायव्हरला खरी भीती माशांची नसते, ती वरून जाणाऱ्या बोटीच्या पंख्याची असते. पंधरा मीटरवर तो पंखा तुमच्यापर्यंत पोचत नाही, पण कधीतरी वर यावंच लागतं. शिवाय पाण्यात आवाज हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगानं धावतो आणि दोन्ही कानांवर जवळपास एकाच क्षणी येऊन आदळतो. इंजिन ऐकू येतं, पण बोट कुठून येतेय ते काही केल्या उमगत नाही. तेव्हा आपण कुठे आहोत हे बोटवाल्यालाच दिसेल अशी सोय करावी लागते. ती सोय म्हणजे बावटा.

बावटे दोन प्रकारचे असतात आणि त्यांची गल्लत फार होते. पांढरा-निळा, टोकाला खाच असलेला ‘अल्फा’ बावटा आंतरराष्ट्रीय संकेतांतला आहे : माझा डायव्हर पाण्यात आहे, वेग कमी करा, लांबून जा. तो बोटीवर लागतो, कारण ती बोट सहज बाजूला होऊ शकत नाही हे इतरांना सांगायचं असतं. दुसरा लाल, त्यावर तिरका पांढरा पट्टा. 1956 च्या सुमारास अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात डेन्झेल डॉकरी यांनी तो तयार केला. हा थेट माणसाबद्दल बोलतो, म्हणून तरंगत्या बोयावर लावून डायव्हर तो आपल्याबरोबर ओढत नेतो.

हे ओढणं शिकावं ते फ्लोरिडाच्या आग्नेय किनाऱ्यावर. पाम बीचसमोर उत्तरेकडे जाणारा सागरी प्रवाह इतका जोरदार की नांगर टाकून डायव्हिंग करण्यात अर्थ नाही. डायव्हर प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि बोट बोयावर नजर ठेवून मागे येते. तिथला कायदा दोन्ही बाजूंना बांधतो. खुल्या समुद्रात डायव्हरनं बावट्यापासून 300 फुटांच्या आत राहायचं, अरुंद जलमार्गात 100 फुटांच्या. बोटींनीही तेवढंच अंतर राखायचा प्रयत्न करायचा. त्याहून जवळ यावंच लागलं, तर सुकाणू जेमतेम लागू पडेल इतक्या मंद गतीनं. आणि सगळे डायव्हर वर आले की बावटा उतरवायचाच. हे शेवटचं कलम मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं. दिवसभर उगाच फडकणाऱ्या बावट्याकडे बघायची सवय बोटवाल्यांची मोडते, आणि मग खरोखर कुणी खाली असतानाही ते बघत नाहीत.

आता दोरी. अठरा मीटर खोलीला अठरा मीटर दोरी पुरेल असं वाटतं, पण ती सरळ उभी कधीच राहत नाही. बोयाला वारा एकीकडे लोटतो, तुम्हाला प्रवाह दुसरीकडे. दोरी पंचेचाळीस अंशांत तिरपी झाली तरी पंचवीस मीटरहून जास्त लागते. रिळावर त्याहून भरपूर असावी, मात्र पाण्यात गरजेपुरतीच सोडावी. जास्तीची दोरी खाली लोंबते, टाकीच्या झडपेत, फिन्सच्या पट्ट्यात, प्रवाळाच्या फांदीत अडकते. दोरीचे बहुतेक सगळे अपघात या ढिलाईतून होतात, ताणातून नव्हे.

म्हणून रीळ धरलेल्या हाताचं एक बोट सतत दोरीवर हवं. वर लाट आली की बारीक हिसका त्या बोटाला कळतो. हिसके यायचे थांबले तर समजावं, दोरी सैल पडली. लगेच दोन-चार वेढे गुंडाळावेत. कोपर किंचित वाकलेलं ठेवावं, म्हणजे लाटेचा हिसका हातातच जिरतो. जोडीदारानं दोरी ज्या बाजूला झुकली असेल तिच्या उलट बाजूनं पोहावं.

आणि रीळ अंगाला अडकवू नये. हात मोकळे राहावेत म्हणून जॅकेटच्या कडीत ते अडकवणारे पुष्कळ दिसतात. उधळणाऱ्या बैलाचं दावं जाणता गडी मनगटाला गुंडाळत नाही, तसंच हे. एखाद्या बोटीनं दोरी ओढली, तर रीळ सोडून देता आलं पाहिजे. बोया गेला तर गेला. दोरी कापायचं पातं दोन्ही हातांना पोचेल अशा जागी असावं.

वर येताना खरी कसोटी लागते. मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त वेगानं चढायचं नाही आणि चढता चढता दोरी गुंडाळत राहायचं. दोरी धरून स्वतःला वर ओढायचं नाही. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबून बोयाच्या अगदी शेजारीच डोकं बाहेर काढायचं.

काही जण बोया आधीपासून ओढत नाहीत. डायव्ह संपताना खालून नळीसारखा फुगा सोडतात. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, म्हणजे तिथे अर्धी भरलेली नळी वर पोचेपर्यंत पूर्ण फुगते. काठोकाठ भरायची गरजच नाही. दहा लिटरची भरलेली नळी सुमारे दहा किलोच्या जोरानं वर खेचते. अशा वेळी रीळ अडकलं आणि ते कडीत लावलेलं असलं, तर फुग्यामागे डायव्हरही वर फेकला जातो, आणि श्वास रोखलेला असेल तर फुप्फुसं फाटू शकतात.

मालवण-तारकर्लीला हौसेनं पहिल्यांदा उतरणाऱ्या पर्यटकाच्या हाती दोरी येत नाही. प्रशिक्षकच त्याला धरून असतो. पण त्याच पाण्यात मासेमारीच्या होड्या, पर्यटकांच्या बोटी आणि जेट स्की फिरत असतात. अल्फा बावट्याचा नियम तिथेही लागू आहे : डायव्हिंगच्या छोट्या बोटीवर तो ताठ, किमान एक मीटर उंचीचा आणि चहूबाजूंनी दिसेल असा हवा. या हंगामात तिथे उतरणार असाल, तर पैसे देण्याआधी बोटीवर बावटा आहे का ते बघा. नसेल तर विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर उतरू नका.