कुत्र्याचीही जात विचारणार काय?

घरात कुत्रा आणला की शेजारीपाजारी पहिला प्रश्न कोणता विचारतात? "कोणत्या जातीचा?" लॅब्रेडोर, पग असे उत्तर आले की माना डोलतात. "गावठी आहे, निवाऱ्यातून आणलाय" म्हटले की नाके मुरडतात! 'जातिवंत' हा शब्द आपल्या भाषेत कौतुकाचा आहे, हे आम्हांस नेहमीच खटकत आले आहे. आणि आता आपल्याही वस्त्यांत, नोकरीला लागलेल्या पोरांच्या घरी, हजारो रुपये मोजून जातिवंत पिल्लू येऊ लागले आहे.

ही वंशशुद्धी म्हणजे तरी काय? जवळच्या रक्तातलीच जोडी पिढ्यान्‌पिढ्या लावत राहायची. पगचे नाक त्यातून इतके चपटे झाले की त्याला धड श्वास घेता येत नाही. लॅब्रेडोर, जर्मन शेफर्ड यांना खुब्याचे दुखणे जडते. बर्फातला हस्की नागपूरच्या मे महिन्यात काय भोगत असेल? विकणाऱ्याला त्याचे सोयरसुतक नाही. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकू नये, असा केंद्राचा नियम २०१७ सालचा आहे. पाळतो कोण?

उलट आपला गावठी कुत्रा इथल्याच हवापाण्यात तगलेला. अंगाने काटक, केस आखूड. निवाऱ्यातून घेताना बहुतेक वेळा रेबीजची लस टोचलेली आणि नसबंदी झालेली असते, म्हणजे तोही खर्च वाचला. वाढलेला कुत्रा घेतला तर आणखी बरे. तो मुलांत रमतो की बिचकतो, हे तिथली माणसे आधीच सांगू शकतात. शिवाय एक कुत्रा घरी गेला की एखाद्या जखमी जनावराला जागा होते.

"माणसांचे प्रश्न संपले काय?" असे कार्यकर्ते विचारतील. जरूर विचारावे. पण भटका कुत्रा चावतो कुणाला? मोटारीतून फिरणाऱ्याला नव्हे, तर झोपडपट्टीत उघड्यावर खेळणाऱ्या पोराला, पहाटे झाडू मारणाऱ्या सफाई कामगाराला! आणि कुत्रा पाळणे हे श्रीमंतांचे चोचले म्हणणाऱ्यांनी राजगृहातले फेब्रुवारी १९३४ चे छायाचित्र पुन्हा पाहावे. बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव यांच्यासोबत त्यात टॉबी कुत्राही आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटके कुत्रे उचलण्याचा आदेश दिला आणि २२ ऑगस्टला तो बदलला. रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घ्यायचा असेल त्याने पालिकेकडे अर्ज करावा, मात्र तो कुत्रा पुन्हा रस्त्यावर येता कामा नये, असे तेव्हा न्यायालयाने म्हटले. ही अट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. दहा-बारा वर्षांची सोबत आहे ही. दरवर्षी लस, रोजचे फिरवणे, गावी जाताना त्याची सोय. जमणार नसेल तर घेऊच नये.

जमणार असेल त्यांनी जवळच्या निवाऱ्यात, मुंबईकरांनी परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात, चौकशी करावी. मुलांना सोबत न्यावे. दारापाशी उड्या मारणारे पिल्लू पटकन डोळ्यांत भरते. मागे कोपऱ्यात एखादा लंगडा, थोराड कुत्रा बसलेला असतो, त्याच्याशीही दहा मिनिटे बसून पाहावे.