वंदन कोणाला? युद्धकलांतील अभिवादन आणि श्रद्धेची सीमारेषा

युद्धकलेच्या सरावाचा आरंभ आणि शेवट अभिवादनाने व्हावा, ही रीत जपानच्या जूदोपासून केरळच्या कलरीपर्यंत आणि थायलंडच्या मुष्टियुद्धापासून कोल्हापूरच्या तालमीपर्यंत आढळते. मात्र हे अभिवादन शिष्टाचार आहे की उपासना, या प्रश्नाने ज्यांच्या धर्मात ईश्वराखेरीज कोणापुढेही नतमस्तक होणे निषिद्ध मानले जाते अशा अनेक विद्यार्थ्यांना आणि पालकांना खरोखरच्या पेचात टाकले आहे. या पेचाचे उत्तर पाठीचा कणा किती अंशांत वाकला यात सापडत नाही. वंदन कोणाला केले जाते आणि ते न करण्याची मोकळीक वंदन करणाऱ्याला आहे की नाही, या दोन गोष्टींवर ते अवलंबून असते.

जूदोपुरते पाहिले तर चित्र बरेच स्पष्ट आहे. कानो जिगोरो यांनी 1882 मध्ये तोक्योतील एइशोजी या बौद्ध मंदिरातील जागेत कोदोकान ही संस्था सुरू केली. पण कानो हे मुळात शिक्षणतज्ज्ञ होते आणि जुन्या जुजुत्सूतून त्यांना आधुनिक शारीरिक व नैतिक शिक्षणाची पद्धत घडवायची होती. उभ्याने करायचे ‘रित्सुरेई’ आणि गुडघ्यांवर बसून, दोन्ही तळहात जमिनीला टेकवून करायचे ‘झारेई’ ही दोन्ही वंदने सामुराई घराण्यांच्या शिष्टाचारातून आणि त्यामागच्या कन्फ्यूशियसप्रणीत आचारधर्मातून आलेली आहेत, आणि जपानी घरात पाहुण्याचे स्वागतही याच रीतीने होते. सरावगृहात, म्हणजे दोजोत, वंदनाच्या तीन दिशा असतात: दर्शनी भिंत, गुरू आणि सहाध्यायी. यांपैकी शेवटच्या दोहोंविषयी फारसा वाद होत नाही. वाद होतो तो दर्शनी भिंतीविषयी, कारण तेथे बहुधा कानो यांचे छायाचित्र असते आणि दिवंगत व्यक्तीच्या प्रतिमेपुढे झुकणे काहींना मूर्तिपूजेसारखे वाटते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात काही स्पर्धकांनी वंदनाच्या सक्तीविरुद्ध दाद मागितली तेव्हा तेथील संघीय न्यायालयाने 2002 मध्ये जूदो स्पर्धेतील वंदन हा धार्मिक विधी नसल्याचा निर्वाळा दिला. कायद्याच्या दृष्टीने तो निकाल समजण्याजोगा असला, तरी ज्याला वाकायचे आहे त्याच्या मनातील अर्थ न्यायालय ठरवू शकत नाही, ही अडचण त्याने संपली नाही.

ही अडचण जपानी कलांच्या बाबतीत विशेष तीव्र होण्याला इतिहास कारणीभूत आहे. पुष्कळ दोजोंत दर्शनी भिंतीवर ‘कामिदाना’ असते, म्हणजे शिंतो देवतांसाठीचा लहानसा देव्हारा; आणि त्यापुढे केलेले वंदन केवळ शिष्टाचार आहे असे म्हणणे प्रामाणिकपणाचे नाही. ऐकिदोचे संस्थापक उएशिबा मोरिहेई हे ओमोतो या शिंतोप्रणीत पंथाचे निष्ठावान अनुयायी होते, त्यांनी इवामा येथे ऐकी देवस्थान उभारले आणि त्यांच्या दृष्टीने सराव हीच साधना होती. तेव्हा ऐकिदोतील वंदनाला धार्मिक छटा आहे असे जो म्हणतो तो चुकत नाही. त्याहून गंभीर बाब अशी की, ‘हा धर्म नाही, हा केवळ आदर आहे’ हे विधान विसाव्या शतकात सत्तेने शस्त्रासारखे वापरले आहे. कोरियावर राज्य करणाऱ्या जपानी प्रशासनाने शाळांना आणि चर्चना शिंतो देवस्थानांपुढे झुकण्याची सक्ती केली, ती हा धार्मिक विधी नसून नागरिकाचे राष्ट्रीय कर्तव्य आहे या युक्तिवादावर. 1938 मध्ये कोरियन प्रेस्बिटेरियन चर्चच्या महासभेला तो युक्तिवाद दडपणाखाली मान्य करावा लागला, आणि तो नाकारणारे धर्मोपदेशक जू गी-चेओल 1944 मध्ये तुरुंगात मरण पावले. ही पार्श्वभूमी ठाऊक असली की एखाद्या कोरियन ख्रिस्ती पालकाची शंका क्षुल्लक म्हणून बाजूला सारता येत नाही. दोस्त राष्ट्रांच्या ताब्यातील जपानमध्ये डिसेंबर 1945 च्या आदेशाने शिंतो आणि शासन यांची फारकत झाली, आणि पुढे 1996 मध्ये, धार्मिक कारणास्तव केंदोचा (बांबूच्या तलवारीने खेळण्याच्या कलेचा) सराव नाकारल्यामुळे काढून टाकलेल्या कोबे येथील एका विद्यार्थ्याच्या बाजूने जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्या विद्यार्थ्याचा आक्षेप वंदनाला नव्हता, लढण्याच्या शिक्षणाला होता. तरीही पर्यायी अभ्यासाचा विचार न करता श्रद्धेची शिक्षा देणे गैर आहे हे त्या निकालाने स्पष्ट केले.

चीनमधील उजवी मूठ आणि डावा तळवा जोडून करायचे अभिवादन वेगळीच गोष्ट सांगते. ते मुळात लौकिक नमस्कारासारखे. पण छिंग राजवटीविरुद्धच्या गुप्त मंडळ्यांच्या परंपरेत त्याला मिंग राजवटीच्या निष्ठेचा अर्थ चिकटला, आणि आधुनिक क्रीडासंस्थांनी त्याच तळव्याच्या चार बोटांना सद्गुण, बुद्धी, शरीर आणि सौंदर्य असे चार शैक्षणिक आदर्श वाटून दिले. शाओलिनमध्ये एका हाताने केले जाणारे वंदन मात्र बोधिधर्माचा शिष्य हुइके याने गुरूसाठी हात तोडून दिल्याच्या आख्यायिकेशी जोडलेले, म्हणून उघडपणे बौद्ध आहे. थायलंडमध्ये लढतीआधी होणारे ‘वाई ख्रू’ हे गुरुवंदन, आणि त्या वेळी डोक्यावर असणारे मंतरलेले ‘मोंगखोन’ हे कडे, यांतही बौद्ध आणि लोकश्रद्धेचा भाग उघड आहे.

भारतात तर श्रद्धा लपवण्याची गरजच कधी भासली नाही. केरळच्या कलरीपयट्टूमध्ये विद्यार्थी उजवे पाऊल आधी टाकून आखाड्यात उतरतो, जमिनीला हात लावून तो कपाळाला लावतो आणि नैऋत्य कोपऱ्यातील ‘पूत्तरा’ या सात पायऱ्यांच्या वेदीपुढे वंदन करतो. ही वेदी देवतेचे स्थान आहे आणि शेजारची ‘गुरुतरा’ गुरुपरंपरेचे. असे असूनही मलबारमधील मुस्लिम आणि ख्रिस्ती घराण्यांतही ही विद्या नांदली, यावरून एकाच जागेचा मान राखताना वंदनाचा अर्थ ज्याचा त्याने आपल्यापाशी ठेवणे शक्य होते, असे दिसते.

महाराष्ट्राच्या तालमीतही हेच घडत आले आहे. हौदातील माती कपाळाला लावणे, मारुतीला नमस्कार करणे आणि प्रतिस्पर्ध्याला सलामी देणे या तीन क्रिया एकापाठोपाठ एक होतात, पण त्यांचे अर्थ तीन आहेत. पहिली भूमीविषयीची कृतज्ञता, दुसरी निःसंशय उपासना आणि तिसरी क्रीडाधर्म. ज्या कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधून उत्तरेकडच्या मुस्लिम मल्लांच्या कुस्त्या लावल्या, तेथे मुस्लिम पैलवान मातीला हात लावून उतरत आले आणि त्यांच्या तोंडी ‘या अली’ असे, याचे कोणाला नवल वाटत नव्हते. त्यामागे आणखी जुना दुवा आहे. भारतीय कुस्तीत देशी मल्लविद्येला मुघलकाळात इराणी पहलवानीची जोड मिळाली, आणि इराणच्या ‘झूरखान्या’त आजही मल्ल मुद्दाम ठेंगण्या ठेवलेल्या दारातून वाकून आत शिरतो आणि खोलगट आखाड्यात उतरताना जमिनीला स्पर्श करून तो हात ओठांना लावतो, तेथील आदर्श हजरत अली आहेत, तालावर गायले जाते ते शाहनामा हे महाकाव्य, आणि 2010 मध्ये युनेस्कोने या विधींचा मानवी वारशाच्या यादीत समावेश केला. मूर्तिपूजा न मानणाऱ्या समाजातही आखाड्याच्या भूमीला वंदन पवित्र मानले गेले, ही गोष्ट जमिनीपुढे झुकण्याला सरसकट मूर्तिपूजा ठरवणाऱ्यांनी अवश्य लक्षात घ्यावी.

आज महाराष्ट्रातील शहरांत कराटे, जूदो आणि तायक्वांदोचे वर्ग शाळांच्या सभागृहांत चालतात आणि तेथे वेगवेगळ्या धर्मांची मुले एका रांगेत उभी राहतात. अशा वर्गात प्रशिक्षकाने सहाध्यायी, गुरू आणि प्रतिमा यांना करायची वंदने एकाच आज्ञेत न गुंतवता वेगवेगळी ठेवावीत, पहिली दोन खेळाचा शिष्टाचार म्हणून सर्वांकडून करून घ्यावीत, आणि तिसऱ्याच्या वेळी ज्याला झुकायचे नसेल त्याला सरळ, शांत उभे राहू द्यावे. त्यासाठी पालकांना प्रवेशाच्या वेळीच प्रत्येक वंदनाचा उगम सांगावा, आणि भिंतीवर देव्हारा असेल तर तो देव्हाराच आहे असे म्हणावे.