मिस्त्रींनी आधी चेन सैल केली

दुसरा गिअर, ताशी वीस-पंचवीसचा वेग. समोर स्पीडब्रेकर आला म्हणून थ्रॉटल सोडला, ओलांडल्यावर पुन्हा दिला, आणि सीटखालून आवाज आला: खट्! रिकाम्या पत्र्याच्या पेटीवर हातोडी पडावी तसा. हायवेवर गाडीची काही तक्रार नव्हती, पण गावात शिरलं की दर चौकात हे सुरू. दोन सिलिंडरची स्पोर्ट बाइक, ३१ हजार किलोमीटर झालेली.

मी चेन ताणली. खडखड झाली की चेन ढिली, हे सायकलच्या दिवसांपासून डोक्यात बसलेलं. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. पुन्हा ताणली. तिसऱ्यांदा पाना हातात घेतला तेव्हा कुठे वाटलं, आपलं काहीतरी चुकतंय. मग गाडी कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांना सगळे मामाच म्हणतात.

मामांनी खाली बसून चेनच्या खालच्या पदराला मधोमध बोट लावलं आणि वर-खाली केलं.

"कुणी ताणली ओ ही?"

"मीच."

"बसा बघू गाडीवर."

मी बसलो. मागे गॅरेजातल्या पोराला बसवलं आणि मला वाकून चेनला हात लावायला सांगितलं. चेन तारेसारखी ताठ! गाडी रिकामी असताना चिमटा, म्हणजे मागचं चाक धरणारा स्विंगआर्म, खाली झुकलेला असतो. माणसं बसली की तो वर येतो, आणि पुढचं पॉकेट (गॅरेजच्या भाषेत स्प्रॉकेट, चेनचं दातेरी चक्र), चिमट्याची खीळ आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेनला सगळ्यात जास्त लांबी लागते. ती लांबी आधीच खाऊन टाकली असेल, तर प्रत्येक खड्ड्याला ताण थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. अशा गाड्यांना साइड स्टँडवर साधारण २५ ते ३५ मिलिमीटर ढील सांगितलेली असते. माझी भरली १४.

आवाजाची तक्रार घेऊन गेलेल्या माणसासमोर मामांनी पहिलं काम केलं ते चेन सैल करण्याचं. पण त्याआधी चाक फिरवून पाच-सहा ठिकाणी ढील पाहिली. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, त्यामुळे जिथे ती सगळ्यात ताठ लागते तिथलंच माप धरायचं. ढील ३० वर आणली. मग वीस कड्या मोजल्या. ५२० नंबरच्या नव्या चेनच्या वीस कड्या ३१७.५ मिलिमीटर भरतात, माझ्या ३१९.५ भरल्या. माझ्या गाडीच्या पुस्तकात मर्यादा ३२३ ची. म्हणजे चेन अजून चालणारी होती, आणि तिच्याकडून माझी जी अपेक्षा होती ती मुळातच चुकीची होती.

गाडी पॅडॉक स्टँडवर घेतली. इंजिन बंद, पहिला गिअर. (इंजिन चालू ठेवून फिरत्या चेनला फडकं लावणारे लोक मी पाहिलेत. त्यातल्या एकाची दोन बोटं अर्धी आहेत.) मामांनी चाक पुढे ढकललं, अडलं तिथे टायरवर आणि चिमट्यावर समोरासमोर खडूची रेघ ओढली. मग चाक मागे घेतलं, पुन्हा अडलं तिथे टायरवर दुसरी रेघ. टायरवरच्या दोन रेघांत ४५ मिलिमीटर अंतर. एवढं अंतर चाक मोकळं फिरत होतं, आणि ते मिटतानाच्या धडकेचा आवाज मला सीटखाली ऐकू येत होता.

आता हे ४५ कुणाकुणाचे? पोरगा चाक हलवत होता आणि मामा फक्त बघत होते. आधी मागच्या पॉकेटकडे: चाक हलतंय, पण पॉकेट जागेवरच. बराच वेळ तिथेच पाहिलं. मग पुढचं कव्हर काढून छोट्या पॉकेटवर बोट ठेवलं. पॉकेट आणि शाफ्ट एकत्र हलत होते, मधल्या खाचा शाबूत. म्हणजे उरलेला प्ले, ती मोकळी हालचाल, आतला, गिअरबॉक्सचा.

"आणि चेन?"

"चेन डोळ्याला दिसतीया, म्हणून आळ तिच्यावर."

घरी येऊन मी कागदावर मांडून पाहिलं. बोटाने ३० मिलिमीटर हलणाऱ्या चेनमध्ये जादा लांबी जेमतेम एक मिलिमीटरची निघते. टायरच्या कडेला ती अडीच-तीन मिलिमीटर. पंचेचाळीसातले तीन! आणि मी दोन आठवडे त्या तिनांच्या मागे पाना घेऊन लागलो होतो.

चाक उतरवलं. हबमधून मागच्या पॉकेटचं कपलिंग खरं तर ओढून काढावं लागतं. इथे ते सहज हातात आलं. आत हबच्या कप्प्यांत रबरं बसवलेली असतात. इंजिनचा झटका ती आधी गिळतात आणि मग चाकाला देतात. माझी रबरं लाकडासारखी कडक झाली होती, कोपरे झिजून गोल झालेले, आणि कप्प्यांच्या तळाशी काळी पूड. एक उचलून मामांनी कप्प्यात सोडलं. ते नुसतं डुलत होतं.

पोरगा म्हणाला, "ट्यूबच्या पट्ट्या घालूया का मामा?" जुनी ट्यूब कापून रबरामागे सारायची, आपल्याकडचा ठरलेला उपाय. मामांनी मान हलवली. "घाटात अडकलं असतं गिऱ्हाईक तर घातल्या असत्या."

नवी रबरं साबणाच्या पाण्याने ओली करूनसुद्धा तळहाताने ठोकून बसवावी लागली. पुन्हा चाक चढवलं, रेघा ओढल्या: २६ मिलिमीटर.

हे २६ कुठे घालवायचे, मी विचारलं. ते घालवायचे नसतात. गिअर एकमेकांत अडकतात ते बाजूच्या दातांनी, आणि समोरच्या खाचेत त्यांना जागा नसेल तर गिअर पडणारच नाही. शिवाय पुढच्या पॉकेटला १४ दात, मागच्याला ४२, म्हणजे गिअरबॉक्समधला प्ले चाकापर्यंत येईतो एक तृतीयांश उरतो. रबराचा प्ले मात्र सगळाच्या सगळा चाकावर दिसतो. शेवटी मामांनी थ्रॉटल केबल पाहिली. मूठ सात-आठ मिलिमीटर रिकामीच फिरत होती, ती तिनावर आणली. आधी काही होत नाही म्हणून आपण मूठ जास्त फिरवतो, मग गाडी एकदम ओढते आणि असलेला प्ले दाणकन मिटतो.

परत निघालो. पहिल्या स्पीडब्रेकरला मुद्दाम थ्रॉटल सोडून दिला. टक्. आवाज होता, पण दार हलकेच लोटून घ्यावं तेवढाच. टायरवरच्या खडूच्या रेघा गांधीनगरच्या फाट्यापर्यंत अंधुक दिसत होत्या.