पायाखालची जमीन (लेखांक ६) : घर उचलणारी काळी माती

मागच्या लेखांकात इमारतीच्या भाराने माती कशी दबते ते पाहिले. आज नेमका उलटा प्रकार पाहू. इथे मातीच घराला वर उचलते.

सोलापूर, लातूर, अकोल्याकडच्या काळ्या रानात बांधलेल्या एकमजली घरांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा जातो. पावसाळ्यात दार चौकटीत अडकते, उन्हाळ्यात पुन्हा मोकळे होते. बोल लागतो गवंड्याला. आपल्याकडे गावठाण पांढरीवर आणि शेती काळीत अशी जुनी वाटणी होती. वस्ती वाढली तशी घरे काळीत उतरली, पाया मात्र पांढरीवरचाच राहिला.

बेसाल्ट झिजून झालेल्या या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज भरपूर असते. त्याचे कण अतिपातळ थरांचे असतात. थरांमध्ये पाणी शिरले की ते दूर सरकतात आणि माती फुगते; सुकली की आक्रसते, भेगाळते. भारी इमारत या फुगवट्याला बऱ्याच अंशी दाबून धरते. हलके घर, कुंपणाची भिंत, कालव्याचे अस्तर यांचे फुगवट्यापुढे काही चालत नाही. सगळे घर सारखे उचलले गेले असते तर फारसे बिघडले नसते. पण घराखालची माती झाकलेली आणि कडेची भिजणारी, त्यामुळे एक बाजू वर येते, दुसरी जागीच राहते, भिंत तडकते.

माती किती फुगते हे बघण्याची चाचणी अगदी साधी आहे. सुकवून चाळलेली माती १०-१० ग्रॅम घ्यायची आणि १०० मिलिलिटरच्या दोन काचनळ्यांत टाकायची. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, तळाशी गुमान बसते. २४ तासांनी पाण्यातली माती रॉकेलमधल्या मातीच्या दुप्पट जागा व्यापून बसली असेल, तर मुक्त फुगवटा १०० टक्के. ५० टक्क्यांच्या वर गेला की नेहमीचा उथळ पाया घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उपाय म्हणून पायाखाली वाळू भरण्याची रीत अजून जात नाही. वाळूत पाणी सहज झिरपते आणि तिच्या कणांना एकमेकांची पकड नसते. मुंबईच्या आयआयटीत प्रा. आर. के. कट्टी यांनी मोठ्या आकाराचे प्रयोग करून एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. काळी माती पूर्ण भिजली, तरी साधारण मीटरभर खोलीखाली तिचा फुगवटा जवळजवळ थांबतो, आणि नुसत्या वरच्या मातीच्या वजनाने याचा उलगडा होत नाही. वरच्या थरातली पकड हे त्याचे कारण, असे त्यांनी मांडले. मग तीच पकड बाहेरून का देऊ नये? न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा, म्हणजे योग्य मुरमाचा, जाड थर नीट धुमसून घालण्याची पद्धत यातूनच आली. कर्नाटकातल्या मलप्रभा कालव्याच्या अस्तराखाली ती वापरली गेली. मुरूम कुठलाही चालत नाही. त्याचीही काचनळीतली चाचणी घ्यावीच लागते.

घरांसाठी दुसरा मार्ग रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केला. खाली फुगीर गड्डा असलेले काँक्रीटचे खांब, ऋतूंचा ओलावा पोहोचत नाही अशा थरात रोवलेले. खांबांवरच्या तुळईखाली मोकळी फट ठेवतात, म्हणजे माती फुगली तरी तुळईला टेकत नाही. ही फट राडारोड्याने बुजवली की सारा खर्च वाया जातो.

हे सगळे करूनही मोरीचे पाणी भिंतीलगत जिरत असेल, तर आधी ते लांब काढावे. शोषखड्डाही जोत्यापासून दूरच घ्यावा.

पुढील लेखांक : भरावाच्या जमिनीवरचे पाये