फिश टँकच्या पाण्याला मनीप्लँटचा आधार

अनसिंगला आमच्या कापड दुकानात गिऱ्हाइकांच्या मुलांसाठी फिश टँक ठेवला आहे. मासे पाण्यात अमोनिया सोडतात; उरलेले खाद्य सडूनही तो होतो. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. ते साधा फिल्टर काढत नाही. पाणी बदलावे, तर शेताजवळच्या विहिरीत खताचे नायट्रेट आधीच असू शकते. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. तेव्हा विहिरीचे पाणी आधी तपासून घ्यावे. मनीप्लँटची मुळे टँकमध्ये सोडावीत, पाने बाहेर उजेडात ठेवावीत. वेल नायट्रेट शोषून वाढतो. वाढ छाटून बाहेर टाकली तरच ते टँकबाहेर जाते. आम्ही पाण्यात सडलेली पाने तशीच राहू दिली आणि चार मासे गमावले.