खडी क्रशर आणि व्हीआर: खनिज प्रक्रियेचे शिक्षण

खनिज प्रक्रिया म्हणजे खाणीतून निघालेल्या धातुकातला उपयुक्त भाग वेगळा काढून त्याचा कस वाढवणे. दगड फोडणे-दळणे, आकारानुसार प्रतवारी, खनिज आणि टाकाऊ भाग यांची फारकत, शेवटी पाणी काढणे, असे तिचे चार टप्पे आहेत.

शहापूर-मुरबाडचा पट्टा काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा. तिथल्या खडी क्रशरवर पहिले दोन टप्पे उघड्यावर पाहता येतात. खाणीतला डबर जॉ क्रशरच्या जबड्यात भरडला जातो आणि थरथरत्या चाळण्यांवरून 20 मिमी खडी, 10 मिमी खडी, कच असा विभागला जातो. पण हे गौण खनिज. इथे सगळा दगडच विकला जातो, त्यातून वेगळे काढायचे काही नसते. तिसऱ्या टप्प्यासाठी गोव्यातले लोहखनिज धुण्याचे प्रकल्प किंवा नागपूरला हिंगण्यातली भारतीय खाण ब्यूरोची प्रयोगशाळा गाठावी लागते.

तिथे पोचल्यावरही मुख्य क्रिया पोलादी कवचाआडच राहते. धातुक दळणारी बॉल मिल ठरावीक वेगाच्या पुढे फिरवली, तर पोलादी गोळे भिंतीला चिकटून फिरत राहतात आणि दळण थांबते. 2 मीटर व्यासाच्या मिलसाठी ही मर्यादा मिनिटाला सुमारे 30 फेरे. म्हणून ती साधारण 21-22 फेऱ्यांवर चालवतात. प्रतवारी करणाऱ्या हायड्रोसायक्लोनमध्ये गाळ कडेने वेगात शिरतो. जाड कण भिंतीलगत खाली उतरतात, बारीक कण मधल्या भोवऱ्यातून वर निघतात. व्हीआरचा, म्हणजे आभासी वास्तवाचा, हेडसेट लावलेल्या विद्यार्थ्याला कवच पारदर्शक करून हे पाहता येते, वेग वाढवून मिल ‘बिघडवता’ही येते. प्रत्यक्ष कारखान्यात असा प्रयोग कोणी करू देणार नाही.

ही दृश्ये नुसत्या चित्रकलेतून तयार करून भागत नाही. पीटर कंडॉल यांनी 1970च्या दशकात विकसित केलेल्या पद्धतीने प्रत्येक गोळ्याची टक्कर आणि गती मोजता येते. त्या गणिताला कित्येक तास लागू शकतात. हेडसेटला मात्र सेकंदाला 72 ते 90 चित्रे हवी असतात. म्हणून निरनिराळ्या वेगांची उत्तरे आधीच काढून साठवतात. चित्र मागे पडले तर डोळे आणि अंतर्कर्ण यांचा मेळ तुटतो, मळमळ होते. त्यामुळे सत्रे छोटी ठेवतात. महाविद्यालयाकडे पैसा कमी असेल तर 360 अंशांचे चित्रीकरण मोबाइलवर दाखवता येते, पण त्यात वेग किंवा दाब बदलता येत नाही.

व्हीआरमध्ये तेवढेच घडते जेवढे गणितात घातलेले असते. म्हणून त्याला खऱ्या नमुन्याची जोड लागते, आणि इथे जवळचा क्रशर उपयोगी पडतो. क्रशरमधून पडणाऱ्या खडीचा नमुना घेऊन, स्थापत्य विभागाच्या चाळण्यांवर चाळून, आयएस 383 या मानकाशी तो ताडून पाहता येतो. तेच आकडे आभासी क्रशरच्या निकालाशेजारी मांडले की तफावत दिसते. झिजलेले जबडे, ओल्या कचीने बुजलेली चाळणीची भोके अशी तिची कारणे शोधून गणितात घालायची आणि निकाल पुन्हा तपासायचा, असा हा अभ्यासक्रम बसवता येतो.