फाईल जागेवर, जीव थाऱ्यावर

तालुक्याच्या गावातलं वकिलांचं ऑफिस म्हटलं की डोळ्यापुढे काय येतं? एक टेबल, चार खुर्च्या, भिंतीला कपाट आणि कपाटाच्या वर, खाली, बाजूला दोरीने बांधलेले फायलींचे गठ्ठे. ‘साहेबांना सगळं तोंडपाठ आहे हो,’ असं तिथला कारकून कौतुकाने सांगतो. पण साहेब जिल्ह्याच्या कोर्टात गेलेले असले आणि दारात आलेल्या बाईला आपल्या निकालाची नक्कल हवी असली, की सगळं ऑफिस पालथं घालावं लागतं.

बायकांच्या कामासाठी अशा ऑफिसांत माझं नेहमी जाणं-येणं असतं. बाई रोज बुडवून, एसटीला पैसे घालून आलेली असते. ‘फाईल सापडत नाही, पुढच्या आठवड्यात या,’ हे वाक्य तिला फार महाग पडतं. पोटगीचंच बघा. कोर्टाने मंजूर केलेली पोटगी नवऱ्याने थकवली, तर ती रक्कम देणं लागल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. पूर्वीचं कलम १२५ आता १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत १४४ झालंय, पण वर्षाची अट तीच आहे. म्हणजे गठ्ठ्यात दडलेला एक कागद घरातल्या किराण्यावर पाणी फिरवू शकतो!

आता बऱ्याच ऑफिसांत टायपिंगला आणि फायलींना मुली असतात. मैत्रिणींनो, डब्यांवर चिठ्ठ्या लावून वर्षाचं वाणसामान नीट ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे काम अजिबात अवघड नाही.

पहिला नियम, एक प्रकरण, एक फाईल. एकाच बाईची पोटगी आणि जमिनीची वाटणी असेल तर फायली दोन. वरच्या पुठ्ठ्यावर दोन्ही बाजूंची नावं, कोर्ट, दाव्याचा नंबर आणि सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर ठळक लिहावा. या नंबरावरून पुढची तारीख मोबाईलवरही बघता येते.

आत कागद ठरलेल्या क्रमानेच लावावेत. आधी वकीलपत्र, मग दावा किंवा अर्ज, समोरच्याची कैफियत, पुराव्याची कागदपत्रं यादीसह आणि शेवटी कोर्टाचे आदेश. मूळ खरेदीखत, लग्नाचा दाखला यांना पंचिंगची भोकं पाडू नयेत. ते प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवावेत आणि घेतल्याची पोच पक्षकाराला द्यावी.

प्रत्येक फाईलला अनुक्रमांक देऊन नावांची वही करावी. इथे बायकांच्या बाबतीत एक गोष्ट हमखास विसरली जाते. तिचं नाव वहीत माहेरच्या आणि सासरच्या, दोन्ही आडनावांखाली लिहायला हवं. नाहीतर फाईल एका नावाने आणि शोधाशोध दुसऱ्या नावाने!

कपाटातून फाईल काढली की तिच्या जागी पुठ्ठ्याची खूण ठेवावी, त्यावर कोणी नेली आणि कधी, ते लिहावं. संध्याकाळी कोर्टातून आलेली फाईल पुढची तारीख डायरीत चढवल्याशिवाय कपाटात जाऊ नये. निकाल लागलेल्या फायली वेगळ्या कप्प्यात ठेवाव्यात, पण रद्दीत घालायची घाई नको. दिवाणी हुकूमनाम्याची अंमलबजावणी साधारण बारा वर्षांपर्यंत मागता येते. पावसाळ्यात कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढावं, ओल आणि वाळवी दोन्ही टळतात.

आणखी एक. नवरा-बायकोच्या भांडणाच्या फायली टेबलावर उघड्या ठेवू नयेत. समोर बसलेला दुसरा पक्षकार त्याच गावचा असतो आणि गावात बातमी पोचायला वेळ लागत नाही.

आणि ज्या मैत्रिणी पक्षकार म्हणून वकिलांकडे जातात, त्यांनी दिलेल्या प्रत्येक कागदाची झेरॉक्स, पोच आणि सीएनआर नंबर घरी एका पिशवीत जपून ठेवावा. फाईल वकिलांच्या कपाटात असली, तरी त्यातलं आयुष्य आपलं असतं.